डब्याबाहेरची शेगडी

हॉलिसबाईंचं पत्र दिवाळीच्या सुमारास आलं, आणि संक्रांत उलटून गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते मी मुद्दाम शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश मी रोज उघडतो, तेव्हा पत्रही रोज नजरेस पडेल आणि एखाद्या दिवशी लाज वाटून मी लिहायला बसेन, असा हेतू होता. ते रोज नजरेस पडायचं. मी ते बाजूला सारून हवा तो शब्द पाहायचो आणि पत्र पुन्हा त्याच पानात सरकवायचो.

पत्रात अवघड काहीच नव्हतं. त्यांच्याकडे थंडी सुरू झाली होती, साहेबांचा गुडघा दुखत होता. शेवटी लिहिलं होतं, ‘तुमच्या बहिणीची बाहेरची शेगडी जोडून झाली ना? त्या उघड्यावर बसून स्वयंपाक करताहेत असं चित्र मी मनात धरून आहे. तेवढं जरूर कळवा.’

याचं खरं उत्तर ‘नाही’ एवढंच होतं. एवढंच लिहून इंग्लंडला पाकीट पाठवणं बरं दिसेना, आणि सबंध हकीकत लिहायची तर ती अजून संपलेलीच नव्हती. मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा आमच्या मूल गावच्या हवेबद्दल एक वाक्य लिहून थांबलो.

हॉलिससाहेब जमिनीखालचे कोळशाचे थर पाहत हिंडायचे. दोन हिवाळे ते आणि त्यांच्या बाई माझ्या भाच्याच्या, भैयाजीच्या, राइस मिलच्या आवारात, त्याच्या घराच्या अंगणाला लागून उतरले होते. उतरले म्हणजे त्यांचं घर त्यांच्यासोबतच होतं. मोटारीमागे जोडून ओढायचं, दोन चाकांचं, पत्र्याचं. आत पलंग, टेबल, हात धुवायचं भांडं आणि गॅसवर जळणारी शेगडी. गॅसची लोखंडी टाकी पुढच्या बाजूला बसवलेली. सारं मूल त्याला डब्बा म्हणायचं. साहेब परत गेले तेव्हा भैयाजीनं डब्बा विकत घेतला. कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. काही दिवस त्यात बारदाना ठेवला, मग कोंबड्या शिरायला लागल्या.

जाताना हॉलिसबाईंनी माझ्या मोठ्या बहिणीला, रुखमाबाईला, एक खोकं दिलं. त्यात बाहेर ठेवून वापरायची गॅसची शेगडी होती. त्यांनी ती कधी उघडलीही नव्हती. डब्याच्या कुशीत, चाकाच्या वर एक तोटी होती. तिला रबरी नळी जोडायची, नळीचं दुसरं टोक शेगडीला, की अंगणात बसून स्वयंपाक. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. ती हॉलिसबाईंनी माझ्या हातात दिली. गावात इंग्रजी वाचणारा निवृत्त मास्तर मीच. वाचनालयाच्या किल्ल्याही माझ्याकडेच असतात.

आमच्या बाईला, म्हणजे रुखमाबाईला, धुराचा त्रास. ती मला आईसारखी, म्हणून मी तिला पहिल्यापासून बाईच म्हणतो. जन्मभर चुलीपुढे बसून तिची छाती निकामी झाली होती. फुंकणी हातात घेतली की ढास लागायची ती थांबायची नाही. चांदा शहरातल्या डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला. घरी सून चंदा रांधायची, ते ठीक होतं. पण महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत बाई दुसऱ्याच्या हातचं खात नसे. नदीच्या रेतीत आपली चूल मांडायची, देवाला आपल्या हातचा नैवेद्य न्यायचा, हे तिचं लग्न होऊन आल्यापासूनचं. मागच्या वर्षी ती तिथे चुलीपाशी भोवळ येऊन पडली. तेव्हा भैयाजी सर्वांसमोर म्हणाला, “माय, आता मार्कंडा बंद. बिनधुराचं काई जमलं तर नेतो, नाई तर इथूनच हात जोड.” घासलेटचा स्टोव्ह आणून पाहिला. त्याच्या वासानंही ढास लागली, आणि त्यावरचा नैवेद्य देवाला कसा न्यायचा, हेही होतंच.

म्हणजे शेगडी जोडली गेली तर बाई मार्कंड्याला जाणार, नाही तर नाही. आणि शिवरात्र जवळ येत चालली होती.

डब्यात आत शेगडी होतीच, तिच्यावर का नाही, असं मीही विचारलं होतं. भैयाजीनं मला वेड्यात काढलं. “मामा, त्याच्यावर साहेबानं डुक्कर शिजवलं. माय त्याच्यावर रांधन का?”

“पन गॅस तर त्याच टाकीतला हाय,” चंदा म्हणाली.

“गॅसले काय होते? तो हवा हाय. हवा बाटते का? काय मामा?”

मी म्हणालो, पाहून सांगतो. माझं उत्तर बहुधा हेच असतं. मी पाहायला जातो, तोवर लोकांचं काम होऊन जातं किंवा बिघडून जातं.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी भैयाजीनं मिलच्या इंजिनवरच्या बिरजू मिस्त्रीला बोलावलं. बिरजू बोलता बोलता काम करतो आणि त्याचं बोलणं कामाच्या पुढे असतं. डब्यातल्या कोंबड्या हाकलल्या, खोकं उघडलं. शेगडी छान होती, हिरव्या रंगाची, बुटक्या पायांची. मी पुस्तिका घेऊन बाजेवर बसलो. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की गॅसच्या तोटीचे आटे उलटे असतात, नट नेहमीच्या विरुद्ध दिशेनं फिरवावा.

मी म्हणालो, “बिरजू, यात लिहिलं आहे की नट उलटा फिरवायचा.”

“उलटा फिरवला तर निंगन का लागन?” बिरजूनं पान्यावर जोर दिला. “मास्तर, ते खोलाचं लिवलं असन. लावाचं पान पुढं असन, पाहा.”

मी पुढचं पान पाहिलं. मग मागचं. वाक्य स्पष्ट होतं. पण आपण ज्याला विरुद्ध म्हणतो तेच त्यांच्याकडे विरुद्ध असेल कशावरून, अशी शंका आली. नट वरून पाहायचा की खालून? मी शब्दकोश आणायला घरी गेलो. परत आलो तेव्हा पितळी तोटीच्या तोंडाचे दोन आटे चपटे झाले होते आणि बिरजू घाम पुसत म्हणत होता, “साला, मालच खराब दिला.”

“मामा, काऊन नाई सांगतलं?” भैयाजीनं विचारलं.

“सांगितलं होतं.”

“असं सांगतेत का? मले तर वाटलं तुम्ही सोताशीच वाचून राह्यले.”

बिरजूनं कानशीनं आटे घासून सरळ केले. त्यात आणखी एक रविवार गेला. मग नट उलटा फिरवला तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. बिरजू म्हणाला, “पाहा, घासल्यानं कसा बसला.”

मला वाटलं, आता पत्राला उत्तर लिहावं. मी कागद काढला. तेवढ्यात मिलमधून निरोप आला की शेगडी काळी जळते आहे.

जाऊन पाहतो तर पिवळी, लांब, हेलकावे खाणारी ज्योत आणि पातेल्याच्या बुडाला काजळीचा थर. बाई पदर नाकाला लावून दूर उभी होती. “हा तं चुलीचाच भाऊ दिसते,” ती म्हणाली आणि खोकायला लागली.

पुस्तिकेत ज्योत निळी हवी असं होतं. मी शेगडीखाली वाकून पाहिलं. गॅस जिथून येतो त्या बारीक भोकाच्या पितळी निपलवर ताजे ओरखडे होते.

“बिरजू, इथे काही केलं का?”

“पिन मारली ना. नवा इस्टोव्ह हाय, भोक साफ नको?”

घासलेटच्या स्टोव्हला पिन मारल्याशिवाय आमच्याकडे कोणी तो पेटवत नाही. पेटत असला तरी मारतात. बिरजूनं एकदा मारली, गॅसचा आवाज त्याला बारीक वाटला म्हणून पुन्हा मारली, आणि भैयाजीनं कौतुकानं आपल्या हातानं एकदा मारली. भोक मोठं झालं होतं. जास्त गॅस येत होता आणि नीट जळत नव्हता. पुस्तिकेत याबद्दल एक शब्द नव्हता. हे असं कोणी करील हे त्या लोकांच्या स्वप्नातही आलं नसावं.

आता नवं निपल कुठून आणायचं? चांद्याला मिळेना. नागपूरच्या दुकानदारानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि कानातल्या दागिन्याची फिरकी आहे का म्हणून विचारलं. शिवरात्र चार दिवसांवर आली. भैयाजी चंदाला हळूच म्हणाला, “मायले सांगून टाक, औंदा नाई जमत.” चंदा म्हणाली, “तुम्हीच सांगा. मी नाई सांगत.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा बिरजूनंच तोडगा काढला. “आतल्या शेगडीचं निपल काढतो. मापात हाय. इकडे लावतो.”

“ते डुकराचं,” भैयाजी म्हणाला.

“डुक्कर वर शिजला जी. निपल खाली असते.”

“वरचं खाली येत नाई का? उतू नाई जात?” भैयाजी माझ्याकडे वळला. “मामा, शास्त्र काय म्हनते?”

या प्रश्नाची मला भीती होतीच. मी वाचनालयातून दोन पोथ्या आणल्या. एकीत धातू अग्नीनं शुद्ध होतो असं होतं. दुसरीत पितळ राखेनं आणि आंबटानं शुद्ध होतं असं होतं. पण कोणत्या दोषाला काय, यावर दोन्हींचं जमत नव्हतं. मी दोन्ही मतं वाचून दाखवली. तिसरं एक मत तळटीपेत होतं, तेही वाचलं.

“मामा, एक सांगा ना.”

“एक सांगणं कठीण आहे.”

“मंग इतकं वाचून तुम्ही करता काय?” भैयाजी ओरडला नाही, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यानं विचारलं. मी पोथ्या मिटल्या.

बाई ओसरीवर मोहाची फुलं निवडत बसली होती. सूप खाली ठेवून ती अंगणात आली. “कायचा वाद चालू हाय?”

भैयाजीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मडम मले रोज चाय पाजे.”

“कुठी?”

“डब्ब्यात. तू मिलमंधी गेला का मी तिच्याकडे जाऊन बसो. ना तिले माही बोली समजे, ना मले तिची. ती चाय करे, मी पेओ. त्याच शेगडीवरचा.”

भैयाजी बाजेवर बसला. “माय, दोन वर्सं?”

“दोन हिवाळे. उन्हाळ्यात ते कुठी राहत होते?”

“आन मी इथी डुक्कर डुक्कर करून राह्यलो. सांगाचं नाई का?”

“मले कोनं इचारलं? तू आपल्याच मनानं ठरवलं का माय त्याच्यावर रांधन नाई. इतक्या जोरानं सांगतलं का मलेच वाटलं, नसन रांधत.”

चंदानं पदर तोंडाशी नेला. मी मात्र वैतागलो होतो. तोटी, कानस, नागपूर, पोथ्या. मी म्हणालो, “बाई, मग आतच स्वयंपाक करता आला असता. ही बाहेरची शेगडी जोडायचीच गरज नव्हती.”

तिनं माझ्याकडे लहानपणी पाहायची तसंच पाहिलं. “गुणवंता, आत बसून मले काय दिसन? पत्रा. मार्कंड्याले जानं म्हनजे मानसं पाहनं. चूल मांडून बसलं का सावली गावापासून, चामोर्शीपासून बाया येऊन बसतेत. कोनाची पोरगी कुठी देल्ली, कोन गेलं, कोन राह्यलं, समदं तिथीच समजते. देव तं इथीबी हाय. मले बाहेरच पाह्यजे.”

यानंतर कोणी शास्त्र काढलं नाही. चंदानं निपल चिंचेनं आणि राखेनं लखलखीत घासलं, आपल्या समाधानासाठी. बिरजूनं ते बसवलं. मी त्याच्याजवळ उभा राहून पिन माझ्या खिशात टाकली. त्यानं नळी पुन्हा जोडली. टाकीचा खटका उघडून तो काडेपेटी चाचपू लागला.

तोच चंदा ताट घेऊन आली. हळद, कुंकू, फूल, पेटलेलं निरांजन. नवी चूल पुजल्याशिवाय पेटवायची नाही, हा आमच्या घरचा रिवाज. मागच्या वेळी घाईत राहून गेलं म्हणूनच बिघडलं, असं तिचं मत होतं. ती शेगडीकडे वाकली आणि नाक आक्रसून म्हणाली, “सडल्या कांद्याचा वास काऊन येऊन राह्यला?”

पुस्तिकेतलं ते पान मला पाठ होतं. वास आला तर गॅस गळतो आहे. ज्योत जवळ नेऊ नये. साबणाच्या फेसानं जोड तपासावा. मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे मनात आलं की खरंच वास आहे का, की कोंबड्यांचा, की मीच.

मग मला कानशीनं घासलेले आटे दिसले.

“चंदा, दिवा मागे ने,” मी म्हणालो. “घरात ने. बिरजू, खटका बंद कर, काडेपेटी दे इकडे.”

“मामा, पूजा हाय,” भैयाजी म्हणाला.

“पूजा मागाहून. दिवा आधी घरात.” मी चंदाच्या पुढे जाऊन उभा राहिलो होतो. तिथून हललो नाही. चंदानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ताट घेऊन घरात गेली.

अंगण वाऱ्यावर मोकळं होऊ दिलं. बाईनं न सांगताच रिठे भिजवून फेस केला. तो मी जोडावर लावला आणि बिरजूला खटका अगदी थोडा उघडायला सांगितला. तोटीच्या नटाशी फेसाचे फुगे यायला लागले, एकामागे एक, भाताच्या पेजेसारखे.

बिरजूनं पाना घेतला आणि सवयीनं उजवीकडे फिरवला. फुगे लिंबाएवढे झाले.

“उलटा,” मी म्हणालो.

त्यानं उलटा फिरवला. फुगे लहान झाले. आणखी फिरवला. थांबले. मी पुन्हा फेस लावला, पुन्हा पाहिलं, आणि नळीचं दुसरं टोकही पाहिलं. एरवी माझ्या या पुन्हा पुन्हा पाहण्यावर सगळे हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. बिरजू एवढंच म्हणाला, “मास्तर, हे उलटं कोनाच्या डोक्यातून निंगलं?” मग चंदानं पूजा केली, दिवा घरात नेला, आणि शेगडी निळी पेटली.

डब्बा मिलच्या ट्रकला बांधून आम्ही मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या रेतीत त्याची चाकं रुतली आणि दोन बैलजोड्यांनी तो ओढून काढावा लागला. बैलवाले वाटेत विचारत होते की आत सर्कस आहे का. भैयाजीनं काठावर तो उभा केला, मी रिठ्याचा फेस घेऊन जोड तपासला, आणि तेलाचा रिकामा पिपा कापून वाऱ्याला आडोसा केला.

उपास सोडायच्या दिवशी सकाळी बाई रेतीत शेगडीपुढे बसली होती. समोर नदी, पलीकडे देवळाचे कळस, आणि भोवती तिनं म्हटल्याप्रमाणे बायाच बाया.

“धूर कुठी हाय वो रुखमाबाई?”

“नाई येत.”

“मंग सयपाक होऊन राह्यला का नाई, समजते कसं?”

“झाकन उघडून.”

भात झाला, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. नैवेद्य गेला. त्या सबंध सकाळीत ती एकदाही खोकली नाही. ते ऐकायला मी डब्याच्या पायरीवर पुस्तक उघडं धरून बसलो होतो आणि एक पानही उलटलं नव्हतं. जेवताना मी विचारलं, “कसं झालं?”

तिनं घास चावला, विचार केला. “बेस हाय. पन चव नाई.”

“चव नाही?”

“चुलीचा वास नाई ना त्याले. धुराबिना वांगं कसं लागन?” आणि तिनं दुसरा घास घेतला.

उठून डब्यात गेलो आणि टेबलावर कागद पसरला. मूलच्या हवेबद्दल या वेळी काही लिहिलं नाही. लिहिलं की शेगडी जोडून झाली, माझी बहीण उघड्यावर बसून स्वयंपाक करते, तुम्ही मनात धरलेलं चित्र खरं आहे, फक्त त्यात बायकांची गर्दी जास्त आहे. मग बाहेर येऊन विचारलं, तुला काही कळवायचं आहे का.

बाई भांडी घासत होती. “लिव्ह, तिच्या चायची याद येते.” पातेलं पालथं घालून म्हणाली, “आन लिव्ह, एकडाव ये. येतानी टाकी भरून आनजो. हे सरली तं पुढच्या साली काय करू?”

हेही लिहिलं. चामोर्शीच्या डाकघरात जाऊन तिकिटं लावली, पत्ता दोनदा ताडून पाहिला आणि पाकीट पेटीत टाकलं. ते आत पडल्याचा आवाज आला तेव्हा मला आठवलं की टाकी आणा असं पाहुण्यांना लिहिणं बरं नाही. पेटीच्या तोंडात बोटं घालून ते परत निघतं का पाहिलं. निघत नाही.